श्री ज्ञानेश्वर महाराज : योगमार्ग आणि नित्य उपासना

संतश्रेष्ठ श्री ज्ञानेश्वर महाराज यांचा जन्म परंपरेनुसार शके ११९७ (इ.स. १२७५) मध्ये श्रावण वद्य अष्टमीस पैठणजवळील आपेगाव येथे झाला. पिता विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतल्यानंतर गुरुआज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. म्हणून समाजाने या कुटुंबास वाळीत टाकले. मुलांची मुंज व्हावी यासाठी मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. तरीही निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई या पोरक्या भावंडांची उपेक्षा संपली नाही.

निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर श्री गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा लाभली होती. त्यांनी ती ज्ञानदेवांना दिली. केवळ गुरुमुखातून शिष्यास मिळणारी ही गूढ योगविद्या ज्ञानदेवांनी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरीद्वारे मराठीत सर्वांपुढे ठेवली. ज्यांना धर्माधिकार नाकारला गेला, त्यांनीच ज्ञानाचे द्वार सर्वांसाठी उघडले.

सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात साधनेस योग्य स्थान, आसन, मूळबंध, जालंधर व उड्डियान हे तीन बंध आणि कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन आहे. आहार, निद्रा व व्यवहार यांतील संयम हा योगाचा पाया होय, हेही तेथे सांगितले आहे.

परंतु हा मार्ग प्रपंचात गुंतलेल्यास कठीण, हे महाराज जाणून होते. म्हणूनच बाराव्या अध्यायात त्यांनी निर्गुणाच्या कष्टप्रद योगसाधनेपेक्षा भक्तीची वाट सुलभ ठरविली आणि अठराव्या अध्यायात निष्ठेने केलेले स्वकर्म हीच ईश्वराची पूजा मानली. हरिपाठातून त्यांनी नामस्मरणाचे नित्यसाधन दिले. त्यास ना विशेष मुहूर्त लागतो, ना धनाचा खर्च. शेतात राबणारा वारकरीही दिवसाअखेर हरिपाठ म्हणून आपली साधना पूर्ण करतो.

शके १२१८ (इ.स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस, अवघ्या एकविसाव्या वर्षी, महाराजांनी इंद्रायणीतीरी श्रीक्षेत्र आळंदी येथे श्री सिद्धेश्वराच्या सान्निध्यात संजीवन समाधी घेतली. पुढे इ.स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आजही आषाढी वारीसाठी महाराजांच्या पादुका आळंदीहून पालखीने पंढरपूरला जातात. भाविकांनी समाधीच्या दर्शनासोबत नित्य हरिपाठाचा नेम घरी न्यावा, हीच महाराजांची खरी सेवा होय.