टोपे आणि तांब्याची टोपी

तात्या टोप्यांच्या आडनावाची कथा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा अशी की, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बिठूर मुक्कामी या हुशार तरुणाला रत्नजडित टोपी बक्षीस दिली, ती तो अभिमानाने मिरवू लागला आणि लोक त्याला टोपे म्हणू लागले. दुसरी अशी की, तोफखान्याशी त्याचा संबंध आला, म्हणून तोफेवरून टोपे झाले. यातली खरी कोणती याचा निवाडा आपण नको करायला. पण नियतीची गंमत पाहा. १८५७ ते १८५९ या दोन वर्षांच्या धामधुमीत ज्या वस्तूने बंडवाल्यांना पदोपदी रडवले, तीही एक टोपीच होती. ती डोक्यावर घालायची नव्हती. ती बंदुकीवर बसवायची, तुरीच्या दाण्याएवढी, तांब्याच्या पत्र्याची टोपी होती.

तात्यांचे खरे नाव रामचंद्र पांडुरंग. जन्म येवल्याचा, साधारण १८१४ सालचा. आज येवला नाशिक जिल्ह्यात आहे. तेव्हा ते पाटोदे परगण्यात, नगरकडे मोडत असे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावांना गंगाकाठी कानपूरजवळच्या बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, नेऊन बसवण्यात आले. त्यांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे आपली चूलबोळकी आवरून उत्तरेला गेली, त्यांत पांडुरंगरावांचे बिऱ्हाडही होते. मुलगा पेशव्यांच्या आश्रयाला वाढला. लष्करी शाळा नाही, पलटणीची कवाईत नाही. कारकुनी, कारभार आणि नानासाहेबांची सोबत हेच त्याचे शिक्षण. १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने वर्षाला आठ लाखांचे पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारले. त्या दिवसापासून बिठूरच्या वाड्यात राख धुमसत होती.

१८५७ च्या जूनमध्ये कानपूर पेटले आणि चाळिशी ओलांडलेला हा कारभारी अचानक सेनापती झाला. जुलैच्या मध्यावर हॅवलॉकने कानपूर परत घेतले, ऑगस्टमध्ये बिठूरचाही मोड झाला. दुसरा कोणी असता तर गंगेत स्नान करून तीर्थयात्रेला लागला असता. तात्या ग्वाल्हेरला गेले, तिथली शिंद्यांच्या नावाची पण इंग्रजांनी शिकवलेली कंटिंजंट फौज त्यांनी फोडली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जनरल विंडहॅमला खुद्द कानपुरातच मागे रेटले. पुढे आठवडाभरातच, ६ डिसेंबरला, कॉलिन कॅम्पबेलने त्यांचा पराभव केला, हे खरे. पण एका कारकुनाने इंग्रज जनरलला हटवले ही गोष्ट हिंदुस्थानभर पसरायची ती पसरलीच.

आता त्या टोपीकडे वळू.

बंदूक म्हणजे दारू आणि गोळी एवढीच आपली समजूत असते. परंतु दारूला ठिणगी कशी पोचवायची, हा शेकडो वर्षे शस्त्रकारांना छळणारा प्रश्न होता. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बाजूला छिद्रापाशी चिमूटभर बारीक दारू ठेवत. तिला रंजक म्हणत. जळत्या सुतळीचा तोडा तिच्यावर टेकला की आग आत जाई. पुढे चकमकीच्या गारगोटीची बंदूक आली. दोन्हींना वारा-पाऊस सोसत नसे. कधी रंजक नुसतीच भडके आणि आतला बार तसाच राही. फुसका बार हा शब्द आपण आज पुढाऱ्यांच्या भाषणांना लावतो. तो अशाच बंदुकांच्या जगातला.

या प्रश्नावर तोड काढली ती अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी दिसताच पाखरे उडून जात, या वैतागातून त्याने ठोका बसताच पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग शोधला आणि १८०७ साली पेटंट घेतले. पुढे इतरांनी तेच द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले. १८४० च्या सुमारास इंग्रजी फौज या टोपीच्या बंदुकीकडे वळली आणि मग कंपनीच्या शिपायांच्या हातीही ती आली. आजच्या बहुतेक काडतुसांच्या बुडाशी जी लहानशी चकती असते, ती या टोपीचीच नात.

टोपी बसवणे ही मात्र कसरत होती. शिपायाने काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, घोडा अर्धा चढवायचा आणि मग पिशवीतून एकच टोपी चिमटीत धरून, मिस्त्री लोक ज्याला निपल म्हणतात त्या बारीक भोकाच्या पोलादी टोकावर ती नीट दाबून बसवायची. घामाने बोटे निसरडी, समोरून गोळ्या येताहेत, आणि हातातला ऐवज तुरीच्या दाण्याएवढा! लष्करी टोपीला म्हणूनच मुद्दाम काठ ठेवत, बोटांना पकड मिळावी यासाठी.

आमच्या घाटंजी तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलालगतच्या गावांत, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे एकेकाळी होती. पीककर्जाच्या पाहणीसाठी बँकेकडून शेतावर जाणे होई, तेव्हा त्या मंडळींची कुरकूर कानावर पडायची. रात्री रानडुकरांचा कळप तुरीत शिरला की बंदूक भरलेली असते, पण अंधारात टोपी चिखलात पडते आणि मग ती शोधणार कोण? टोपी सैल असली तर नळी खाली करताच गळते, घट्ट असली तर वाकडी बसून चेपते, दमट झाली तर नुसतीच टक्‌ करते. काहींकडे पितळी डबी असे. आतली स्प्रिंग एकेक टोपी तोंडाशी ढकलते आणि डबी निपलवर दाबली की टोपी बसते, अशी तिची योजना. पण ऐन वेळी दोन टोप्या एकमेकींत अडकून डबी रुसायची आणि शेतकरी पुन्हा बोटांवर यायचा. एका डुकरासाठी एवढा वैताग. मग रणांगणावर काय होत असेल?

बंडवाल्यांचे दुःख तर याहून मुळाशी होते. त्यांच्याजवळ टोपी बसवायला बोटे होती, टोप्याच संपत चालल्या होत्या. बंदुकीची दारू आपल्या लोकांना परकी नव्हती. सोरा, गंधक, कोळसा यांचे गणित गावोगावच्या दारूवाल्यांना पाठ होते. तोफा ओतणारे कारागीर होते, गोळे घडवणारे लोहार होते. परंतु पातळ तांब्याचा पत्रा हजारोंच्या संख्येने एका मापात दाबायचा, त्यात पाऱ्यापासून बनणारे, हात लागता भडकणारे द्रव्य मोजून भरायचे, हे काम यंत्राचे आणि रसायनशाळेचे. ती विद्या कंपनीने आपल्या मुठीत ठेवली होती. लुटीत सापडलेला साठा सरला की उत्तम बंदूक निव्वळ सोटा होऊन बसे. म्हणून ठिकठिकाणी बंडवाल्यांनी टोपीच्या बंदुका मोडून त्यांच्या पुन्हा तोड्याच्या बंदुका केल्या. शंभर वर्षे पुढे गेलेले हत्यार त्यांना हाताने मागे आणावे लागले.

काल्पीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. यमुनेकाठच्या त्या किल्ल्यात तात्या आणि रावसाहेब पेशवे यांनी जणू तोफखान्याचे गावच वसवले होते. २३ मे १८५८ रोजी ह्यू रोजने काल्पी घेतली तेव्हा तळघरात सुमारे साठ हजार पौंड दारू, गोळ्यांचे ढीग, हत्यारांच्या पेट्या आणि गावात तोफा ओतण्याचे कारखाने सापडले. शत्रूनेही थक्क व्हावे असा हा उद्योग होता. त्यात तात्यांच्या कारकुनी शिस्तीचा हात स्पष्ट दिसतो.

त्यांच्या तोफांचा जमाखर्च मांडला तर थक्क व्हायला होते. चरखारीत त्यांनी २४ तोफा आणि तीन लाख रुपये मिळवले. १ एप्रिल १८५८ ला झाशीच्या राणीच्या मदतीला धावताना बेतवेकाठी २८ तोफा गमावल्या. कूंचला हार, काल्पीला हार; तरी १ जूनला राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेबांसह ग्वाल्हेरच हाती घेतले. जूनच्या मध्यावर राणी रणात पडली आणि काही दिवसांतच जौरा-अलीपूरला २५ तोफा गेल्या. मग पावसाळा. चंबळेला पूर, मागे इंग्रजांच्या टोळ्या. झालरापाटणला तीसहून अधिक तोफा जमा. सप्टेंबरात राजगढजवळ २७ खर्ची. पैसा, माणसे, घोडे, तोफा, सगळे त्यांनी पुन्हा पुन्हा उभे केले. एका रकान्यात मात्र जमेची नोंद कधी पडायचीच नाही, तो त्या तांब्याच्या टोपीचा. ती ना राजाच्या खजिन्यात मिळे, ना गावच्या लोहाराकडे.

टोपी नव्हती म्हणून बंड फसले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एकमुखी नेतृत्व नव्हते, शिस्त विस्कटलेली होती, तारायंत्र इंग्रजांच्या हाती होते, त्यांच्या नव्या एन्फिल्ड बंदुकीचा पल्लाही लांब होता. पण तात्यांच्या पळापळीकडे पाहण्याची आपली नजर या टोपीमुळे बदलावी. समोरासमोर बंदुकीला बंदूक भिडवून जिंकता येत नाही, हे त्यांनी सोसून ओळखले होते. म्हणून पायी शिपायांपेक्षा घोडा, आणि लढाईपेक्षा मजल. शिवकाळातला गनिमी कावा या येवल्याच्या माणसाने गरजेपोटी पुन्हा शोधला.

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस त्यांनी नर्मदा ओलांडली, तेव्हा मुंबई आणि मद्रासच्या सरकारांची झोप उडाली. पेशव्यांचा माणूस पेशव्यांच्या मुलखाकडे येत होता. ते तापीच्या उगमाशी, मुलताईला पोचले. तिथून आमचे घाटंजी सरळ रेषेत अवघे १८० किलोमीटर! १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता आणि नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले होते. मन दुखावलेली माणसे दोन्हीकडे होती. पण नागपुरातल्या घोडदळाचा कट जून १८५७ मध्येच चिरडला गेला होता. लोकांजवळची हत्यारे गेली होती, सातपुड्याच्या वाटा फौजांनी अडवल्या होत्या. तात्यांना पश्चिमेला वळावे लागले. छोटा उदेपूरला १ डिसेंबरला आणखी एक हार, मग पुन्हा राजपुताना. जानेवारी १८५९ मध्ये सीकरला शेवटची फौज विखुरली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पाडौनच्या जंगलात नरवरच्या मानसिंगाने आसरा दिला आणि त्यानेच ७ एप्रिलच्या रात्री झोपेत धरून दिले. खटल्यात तात्यांनी दयेची याचना केली नाही. आपण आपल्या धन्याच्या, नानासाहेबांच्या, हुकमाने लढलो, एवढेच त्यांच्या जबानीचे सार. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्यांना फाशी झाली. फाशी गेला तो तात्या नव्हेच, अशी आख्यायिका पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. ज्याला पकडण्यात दहा महिने दमछाक झाली, तो असा सहज मरेल यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता.

इंग्रजांनी मात्र धडा नीट गिरवला. हिंदी शिपायांना मुद्दाम साध्या नळीच्या, कमी पल्ल्याच्या बंदुका दिल्या. तोफखाना बहुतांशी गोऱ्यांकडे ठेवला. १८७८ च्या कायद्याने हत्यारे परवान्यात बांधली. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो त्यांच्या फौजेसाठी. तोच कारखाना, स्वातंत्र्यानंतर निघालेले वरणगाव आणि भद्रावतीचे कारखाने, आज आपल्या सरकारच्या मालकीचे आहेत. आमच्या शेजारच्या भद्रावतीत दारूगोळा तयार होतो, याचे इकडे कोणाला अप्रूप वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

तात्यांच्या पुतळ्यांच्या हाती शिल्पकार तलवार देतात, आणि ते योग्यच आहे. पण घरातल्या मुलांना त्यांची गोष्ट सांगताना त्या इवल्या टोपीचीही सांगावी. साठ हजार पौंड दारू जमवणारा माणूस एका दाण्याएवढ्या वस्तूसाठी परस्वाधीन होता, आणि ते ठाऊक असूनही दोन वर्षे लढत राहिला. त्याच्या पराक्रमाचे खरे माप तिथे आहे.