गौतमीपुत्र सातकर्णी : दख्खनचा एकीकर्ता

पैठणच्या सातवाहन घराण्यावर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास मोठे संकट ओढवले होते. क्षहरात वंशाचा शक क्षत्रप नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले हा प्रदेश बळकावला होता. कोकणच्या बंदरांवरील व्यापाराची नाडी त्यामुळे परक्यांच्या हाती गेली होती. अशा पडत्या काळात गौतमी बलश्रीचा पुत्र सातकर्णी राज्यावर आला.

त्याने नहपानाचा पूर्ण पराभव केला. या विजयाचा पुरावा 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे भूमीतून वर आला. तेथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली आहे. शत्रूचे चलन त्याने वितळवले नाही; त्यावर आपला ठसा मारून तेच व्यवहारात ठेवले.

मूलक, अश्मक, विदर्भ, अपरान्त, सौराष्ट्र, अनूप, अवंती असे एरवी विभागलेले प्रदेश त्याच्या एका छत्राखाली आले. त्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचे पाणी प्यायल्याचे वर्णन प्रशस्तीत आहे. त्यात अतिशयोक्ती असेल. परंतु दख्खन हा एक देश आहे, ही कल्पना तीतून स्पष्ट उमटते.

तथापि राजाची खरी ओळख रणांगणाबाहेर पटते. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने त्रिरश्मी पर्वतावरील भिक्षूंना, पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यात असलेली दोनशे निवर्तने जमीन दिली. चोविसाव्या वर्षीच्या दुसऱ्या लेखातही भिक्षूंना दिलेल्या शेताचाच विषय आहे. ते शेत कसले जात नाही आणि ते गावही ओसाड पडले आहे, हे ध्यानी येताच राजा आणि राजमाता यांनी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने जमीन तिच्याऐवजी देवविली. दिलेले दान कागदोपत्री न राहता उपयोगी पडावे, ही दक्षता विशेष होय.

त्याच्या निधनानंतर नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी वृद्ध गौतमीने नाशिकचे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि तेथे पुत्राचे चरित्र कोरविले. धर्माने कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखात समरस होणारा, अपराधी शत्रूचाही प्राण घेण्यास नाखूश असणारा असा तो तिने रंगविला आहे. चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याचा गौरवही तीत आहे. तो त्या काळाच्या दृष्टीने वाचावा लागतो. पुढे शक क्षत्रप रुद्रदामनाने काही प्रदेश पुन्हा जिंकले. राज्याच्या सीमा आकुंचल्या, पण मातेचे शब्द टिकले.

तेलंगणात गोदावरीकाठी कोटिलिंगाल येथे सातवाहनांचा आद्य राजा सिमुक याची नाणी मिळाली आहेत. नाशिकजवळ उगम पावणारी नदी तेथूनच पुढे पूर्वसमुद्राकडे जाते. तारनाक्याच्या मराठी वाचकाला आपल्या दोन्ही घरांना जोडणारा हा धागा दोन हजार वर्षांचा आहे, याचे भान गौतमीपुत्राचे चरित्र देते.