निवडुंगाचे बत्तीस एकर

माळच्या माळ विकत घ्यावा, कुंपण घालावे आणि भाव चढेपर्यंत स्वस्थ बसावे, ही आजची रीत पाहिली की आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते ही त्या वेळची समजूत. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेस नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा हवी झाली.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा आणि बिनव्याजी १०,००० रुपये देऊ केले. लक्ष्मणरावांनी कसदार काळी जमीन मागितली नाही. कुंडल रोड स्टेशनाजवळचे ३२ एकर पसंत केले. नुसता ओसाड माळ, निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. परंतु दाराशी आगगाडी होती, आणि कारखानदाराने पाहावयाचे ते हेच. १९१० साली निवडुंग तोडून वसाहतीस आरंभ झाला. रात्रीच्या पहाऱ्यास त्यांनी शिक्षा भोगून सुटलेले कैदी नेमले. हे धाडस आम्हांस नांगराहूनही मोठे वाटते.

१९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. स्टेशनाचे नाव किर्लोस्करवाडी झाले. बेळगावास वसाहत मिळाली. कारखाना मात्र गेला तो गेलाच.