लेव्ह लँडाऊ: न अडखळणाऱ्या द्रवाने ज्याला तुरुंगातून सोडवलं

दहा मिनिटं गेम खेळलात की फोन तापतो. चिपमधले इलेक्ट्रॉन वाटेत धडका खात जातात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. प्रकाशाचंही तसंच, वाटेत खडबडीत काही आलं की तो विखुरतो. म्हणून प्रकाश पाण्यासारखा वाहू शकतो आणि अडथळ्याला अजिबात न अडखळता पार होतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क थाप वाटली. मग त्या प्रयोगात लावलेली कसोटी कुणाची ते शोधत गेलो आणि पोचलो थेट १९४१ सालच्या मॉस्कोत, लेव्ह लँडाऊपाशी.

लँडाऊचा जन्म १९०८ चा, बाकू शहरातला. चौदाव्या वर्षी पोरगा विद्यापीठात! पुढे कोपनहेगनला नील्स बोरकडे शिकला, खार्किवमध्ये शिकवलं आणि १९३७ मध्ये मॉस्कोला प्योत्र कापित्सा यांच्या संस्थेत आला. माणूस भलताच आगाऊ. भौतिकशास्त्रज्ञांना तो चक्क रँकिंग द्यायचा. त्याच्या हाताखाली यायचं तर अवघड परीक्षांची एक मालिका पार करावी लागायची, आणि १९६१ पर्यंत जेमतेम ४३ जण ती पार करू शकले.

त्याच सुमारास कापित्सांना द्रवरूप हेलियममध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. २.१७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास, हेलियम घर्षणाशिवाय वाहायला लागतो. याला म्हणतात सुपरफ्लुइड. हे का होतं, याचं पटेल असं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आणि एप्रिल १९३८ मध्ये लँडाऊला अटक झाली. स्टॅलिनच्या राजवटीची तुलना हिटलरशी करणाऱ्या एका पत्रकात त्याचा हात होता. त्या काळी अशा गुन्ह्यात आत गेलेला माणूस सहसा परत यायचा नाही. कापित्सा मात्र गप्प बसले नाहीत. हेलियमचं कोडं सोडवायला हाच माणूस हवा, असं त्यांनी थेट वरपर्यंत कळवलं आणि स्वतः जामीन राहिले. लँडाऊ पुन्हा काही बोलला असता तर मान कापित्सांची गेली असती. वर्षभराने तो सुटला.

दोन वर्षांत त्याने उत्तर दिलंसुद्धा. होडी पाण्यातून जाते तेव्हा लाटा उठतात आणि त्या लाटा होडीची ऊर्जा खातात. घर्षण म्हणजे ढोबळमानाने हेच. लँडाऊने दाखवलं की सुपरफ्लुइडमध्ये ठरावीक वेगाच्या खाली अशी लाट उठूच शकत नाही, कारण ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा हिशोब एकाच वेळी जुळत नाही. लाट नाही, म्हणजे घर्षणही नाही.

एका बाबतीत तो चुकला, असं माझं मत. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या कामातून निघालेल्या बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटशी हेलियमचं नातं आहे, हे फ्रिट्झ लंडनने १९३८ मध्येच सुचवलं होतं. लँडाऊने ते मानलं नाही. आज ते मानतात.

७ जानेवारी १९६२. बर्फाळ रस्त्यावर त्याची कार ट्रकला धडकली. कित्येक आठवडे तो बेशुद्ध होता. त्याच वर्षी नोबेल मिळालं, पण स्टॉकहोमला जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते मॉस्कोतच देण्यात आलं. संशोधन पुन्हा जमलं नाही. १९६८ मध्ये तो गेला.

आता प्रकाशाकडे येऊ. नुसते फोटॉन एकमेकांना ढकलत नाहीत, त्यामुळे त्यांचा द्रव होत नाही. पण दोन आरशांमध्ये सेमीकंडक्टरचा पातळ थर ठेवून त्यात प्रकाश कोंडला, तर अर्धे प्रकाश, अर्धे द्रव्य असे पोलॅरिटॉन तयार होतात. ते एकमेकांना ढकलतात. २००९ मध्ये पॅरिसच्या प्रयोगात अशा प्रवाहाने थरातला दोष सहज ओलांडला, काहीच विखुरलं नाही. वेग त्या द्रवातल्या ध्वनीपेक्षा जास्त झाला तेव्हा मात्र दोषाभोवती लाटा उठल्या. अगदी होडीसारख्या.

तिथे थर हेलियमच्याच मदतीने गोठवावा लागला होता. २०१७ मध्ये इटलीतल्या लेचे शहरात सेंद्रिय रेणूंचा थर वापरून हेच घडवलं, साध्या खोलीच्या तापमानाला.