आगरकर-टिळकांची तुटलेली मैत्री : तर्कशुद्ध माणसांनी घरात काय टाळावे?

गोपाळ गणेश आगरकर 1856 साली कराडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरची गरिबी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जुळली. सरकारी नोकरीचा विचार सोडून दोघे शिक्षणाच्या कामात उतरले. 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे आगरकर पहिले संपादक झाले.

आपल्या कोल्हापूरचे तेव्हाचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावरील लिखाणामुळे 1882 मध्ये दोघांना शिक्षा झाली. ज्या पत्रांवर विसंबून ते लिखाण झाले, ती बनावट निघाल्यावर दोघांनी माफीही मागितली होती. तरीही डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस एकत्र काढले.

पुढे आधी सामाजिक सुधारणा की स्वराज्य, यावरून त्यांचे बिनसले. संस्थेच्या कारभारावरूनही खटके उडाले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोघेही बुद्धिमान, मुद्देसूद. परक्या माणसाची माफी मागू शकलेले हे मित्र एकमेकांना मात्र लेखातून उत्तरे देत राहिले. दम्याने जर्जर झालेले आगरकर 17 जून 1895 रोजी, चाळिशीच्या आतच गेले. त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

भांडणामुळे आगरकरांना दमा झाला, असा अर्थ कुणी काढू नये. मात्र ज्यांना दमा आहे, त्यांना तीव्र राग किंवा ताणामुळे धाप लागू शकते. अशांनी इनहेलर जवळ ठेवावा.

विचारी माणसाची सवय अशी, की समोरचा मन मोकळे करत असताना त्याच्या डोक्यात उत्तर तयार होत असते. पत्नी ‘तुम्ही हल्ली बोलतच नाही’ म्हणाली, की तो कालच्या बोलण्याचे दाखले देतो. ही सवय मोडता येते :

• उत्तर देण्याआधी, आपल्याला काय समजले ते सांगा आणि ‘बरोबर ना?’ असे विचारा.
• तक्रारीतला जेवढा भाग खरा वाटतो, तेवढा आधी मान्य करा.
• छाती धडधडू लागली, तर अर्धा तास थांबा. पण पुन्हा कधी बोलणार, ते सांगूनच उठा.
• नाजूक विषय मेसेजवर न लिहिता समोर बसून बोला.

वादामुळे झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना लवकर भेटा.