पिंपातला पाणबुड्या : न्यूटन ॲबटचा जॉन लेथब्रिज

डेव्हन परगण्यातील न्यूटन ॲबट हे गाव समुद्रकाठी नाही. टीन नदीची खाडी जिथे संपते, तिथे ते वसले आहे. लंडनहून प्लिमथकडे जाणारी आगगाडी तिथे थांबते आणि टॉर्कीला सुटीसाठी निघालेली मंडळी बहुधा फक्त गाडी बदलण्यापुरती तिथे उतरतात. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे स्थानक पाहिले असेल. समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेल्या जहाजांतील चांदी वर काढण्याचा धंदा ज्याने खऱ्या अर्थाने किफायतशीर करून दाखविला, तो माणूस याच गावचा. तो खलाशी नव्हता आणि विद्वानही नव्हता. जॉन लेथब्रिज लोकरीचा व्यापारी होता.

त्याचा जन्म 1675 च्या सुमाराचा. त्या काळी डेव्हनची सुबत्ता लोकरीवर उभी होती. इथले जाडेभरडे कापड एक्सिटरच्या बंदरातून युरोपभर जाई आणि लहानमोठे शेकडो व्यापारी त्यावर पोट भरीत. या व्यापारात लेथब्रिजचे हात पोळले. 1715 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो पुरता नागवला गेला होता. घरात मुलांचे लेंढार होते. सतरा मुले त्याच्या नावावर सांगितली जातात. अशा वेळी सामान्य माणूस सोयऱ्यांकडे उसनवारी करतो किंवा गाव सोडतो. लेथब्रिजने मात्र बुडालेल्या जहाजांचा विचार सुरू केला.

आज हे वेडेपण वाटेल. तेव्हा तसे ते नव्हते. 1687 साली विल्यम फिप्स नावाच्या कप्तानाने कॅरिबियन समुद्रातील एका बुडालेल्या स्पॅनिश गलबतावरून दोन लाख पौंडांहून अधिक किमतीचा खजिना लंडनला आणला होता, आणि तेव्हापासून इंग्लंडला एक ज्वरच चढला होता. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेले एडमंड हॅली हेसुद्धा त्यातून सुटले नव्हते. 1691 साली ससेक्समधील पॅगमच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या, हस्तिदंत आणि सोने घेऊन आफ्रिकेहून येणाऱ्या एका जहाजावर ते स्वतः बुडीघंटेत बसून उतरले. 1720 साली लंडनच्या शेअरबाजारात जो प्रसिद्ध बुडबुडा फुगला आणि फुटला, त्यात बुडित जहाजे उपसण्याच्या कंपन्याही होत्या. त्यातील बहुतेकींनी भागधारकांचे खिसे तेवढे उपसले.

लेथब्रिजचे वेगळेपण असे की, त्याने भागभांडवल गोळा करण्याआधी स्वतःला पिंपात कोंडून घेतले. हे शब्दशः खरे आहे. एका मोठ्या पिंपात शिरून, ते बाहेरून घट्ट बंद करवून, हवेचा शिरकाव नसताना तो जमिनीवर अर्धा तास राहिला. नंतर आपल्या बागेच्या टोकाला, विहिरीजवळ, त्याने चर खणला, पिंप बुडेल इतके पाणी त्यात सोडले आणि पाण्याखाली आपण किती वेळ तग धरतो ते पाहिले. जमिनीपेक्षा पाण्यात अधिक वेळ राहता येते, असे त्याला आढळले. सफरचंदाच्या बागांच्या या मुलखात एक कर्जबाजारी व्यापारी परसदारी पिंपात पडून आपल्या श्वासांचा हिशेब मांडतो आहे, हे दृश्य त्याच्या शेजाऱ्यांना कसे वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मग त्याने लंडनच्या एका पिंपे बनविणाऱ्या कारागिराकडून आपले यंत्र करवून घेतले. ओक लाकडाचे, गोल, सहा फूट लांबीचे. डोक्याकडे अडीच फूट रुंद आणि पायाकडे दीड फूट. पाण्याच्या दाबाने ते आत दबू नये म्हणून आतून-बाहेरून लोखंडी पट्ट्या. हात बाहेर काढण्यासाठी दोन भोके, तिथे तेल पाजलेल्या चामड्याच्या घट्ट बाह्या. डोळ्यांसमोर, खालच्या अंगाला, चार इंच व्यासाची आणि सव्वा इंच जाडीची काच. पाठीकडच्या बाजूला हवेची दोन छिद्रे. वर असताना भात्याने त्यांतून ताजी हवा भरायची आणि बुडी मारण्याच्या क्षणी बुचे ठोकायची. आत आलेले पाणी काढून टाकायला पायथ्याशी एक भोक. लेथब्रिज पाय आधी घालून आत शिरे, हात भोकांतून बाहेर काढी, मग डोक्याकडचे झाकण स्क्रूंनी आवळले जाई. आतून ते उघडण्याची सोय नव्हती.

हे पिंप आडवे, दोराला टांगून, पाण्यात सोडीत. ते बुडावे म्हणून सुमारे अडीचशे किलो वजन लागे. पण त्यातले जेमतेम सात किलो कमी झाले तरी ते तरंगू लागे, इतका तोल त्याने नेमका साधला होता. तळाशी पोहोचल्यावर तो पोटावर पालथा पडून, काचेतून पाहत, उघड्या हातांनी काम करी. बारा फूट चौरस जागेत पिंप हलविता येई. एका पातळ दोरीने वरच्या माणसांना खुणा द्यायच्या. एका दमात तो 34 मिनिटांपर्यंत खाली राही. मग वर येऊन, पिंपातून बाहेर न पडताच, भात्याने हवा बदलून घेई आणि पुन्हा जाई. असे सहा-सहा तास चाले.

त्यातले विज्ञान साधे, पण शरीराला क्रूर होते. पिंपात हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच राही, म्हणून पुढे खोल पाण्यातील कामगारांना जडलेला सांधे आखडण्याचा जीवघेणा विकार त्याला होण्याचे कारण नव्हते. हात मात्र बाहेर होते. दहा वावांवर, म्हणजे अठरा मीटरांवर, पाण्याचा दाब जमिनीवरील दाबाच्या जवळजवळ तिप्पट असतो. तेवढा भार दंडाच्या बाह्यांपुढच्या हातांवर आणि वातावरणाइतका उरलेल्या देहावर. रक्त आत रेटले जाई, बोटे बधिर होत, बाह्या सैल ठेवाव्यात तर पाणी आत येई. दहा वाव तो शेकडो वेळा गेला; बारा वावांवर महत्प्रयासाने. ही मर्यादा त्याने कधी वाढवून सांगितली नाही, आणि माझ्या मते त्याच्या व्यावसायिक यशाचे खरे मर्म तिथे आहे. हॅलींची बुडीघंटा कल्पनेत अधिक श्रीमंत होती. लेथब्रिजचे यंत्र बोटीवर मावे, थोड्या माणसांत चाले आणि उथळ पाण्यापुरते बोलायचे तर काम करून दाखवी. किनाऱ्याच्या खडकांवर फुटणारी जहाजे बहुधा उथळ पाण्यातच विसावतात.

आरंभी त्याचा भागीदार होता जेकब रो, हाही डेव्हनचाच. तशाच धाटणीच्या यंत्राचा हक्क 1720 साली रोने आपल्या नावावर करून घेतला. केप व्हर्दच्या मायो बेटावर 1719 साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘व्हॅन्सिटार्ट’ हे जहाज फुटले होते. तिथून या जोडीने चांदीच्या 27 पेट्या, शिवाय शिसे आणि तोफा वर काढल्या. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या; रो स्कॉटलंडच्या बेटांकडे वळला, 1728 साली बारा बेटाजवळ बुडालेल्या डच जहाजावरची चांदी त्याने काढली. लेथब्रिजला हॉलंडच्या ईस्ट इंडिया कंपनीने बोलावले. आजच्या भाषेत तो कंत्राटी तज्ज्ञ झाला: जहाज कंपनीचे, माल कंपनीचा, जोखीम त्याच्या छातीवर.

या कंपन्यांची जहाजे चांदी का वाहत, हे आपल्याला परके नाही. हिंदुस्थानचे सुती कापड आणि पूर्वेकडील मसाले हवे होते, पण त्या बदल्यात युरोपकडे देण्याजोगे फारसे काही नव्हते. म्हणून मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी युरोपमार्गे पूर्वेला येई. कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर परकीय जहाजांकडून दस्तकांचा हिशेब मागत होते तो हाच काळ. आशियाकडे निघालेल्या पण कधीच न पोहोचलेल्या या चांदीचा काही भाग लेथब्रिजच्या हातांतून पुन्हा युरोपात परतला.

‘स्लॉट टेर होख’ हे डच जहाज 19 नोव्हेंबर 1724 रोजी मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटाच्या कड्यांवर आपटले. बटाव्हियाकडे निघालेल्या या जहाजावर 254 माणसे होती. त्यांपैकी 33 वाचली. पोटात तीन टन चांदी होती. पुढच्याच वर्षी लेथब्रिज तिथे पोहोचला. भोवती उंच खडक आणि समोर उघडा अटलांटिक. वारा फिरला की काम बंद. तरी पहिल्याच हंगामात चांदीच्या 1500 विटांपैकी 349 विटा, बरीचशी नाणी आणि दोन तोफा त्याने वर काढल्या. कंपनी खूश झाली, त्याला पुन्हा पुन्हा पाठविले. काचेपलीकडे त्याला फक्त विटाच दिसल्या असतील असे मला वाटत नाही. दोनशेहून अधिक माणसे त्याच पाण्यात गेली होती. हिशेबाच्या वहीत मात्र विटा, नाणी आणि तोफा एवढेच उरते.

1727 साली कंपनीने त्याला केपटाऊनच्या टेबल बे येथे नेले. पाच वर्षांपूर्वीच्या वादळाने तिथे जहाजांची रांगच आडवी केली होती. पण तळाचा गाळ आणि गढूळ पाणी यांपुढे चार इंचांची काच हतबल ठरली. हाती फारसे काही लागले नाही. पुढेही त्याची भ्रमंती सुरू राहिली. वीस वर्षांत बुडालेल्या इंग्रज आणि डच युद्धनौका, व्यापारी जहाजे, स्पॅनिश गलबते मिळून सोळा जहाजांवर तो उतरल्याची नोंद आहे. त्यात पाच वेळा तो यंत्रातच बुडता बुडता वाचला. ज्या पिंपाचे झाकण दुसऱ्याने बाहेरून आवळलेले असते, त्यात पाणी शिरू लागल्यावर आतल्या माणसाला दोरी हलविण्यापलीकडे करण्यासारखे काहीच नसते. तरीही तो सहाव्यांदा आत शिरला.

पैसा आला. न्यूटन ॲबटजवळ किंग्जकर्सवेल येथे ओडिकनॉलची जमीनजायदाद त्याने घेतली. ज्या मुलुखात तो नागवला गेला होता, तिथेच तो जमीनदार म्हणून राहिला. परंतु एक गोष्ट त्याला डाचत होती. 1749 साली लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकात, पाण्याखाली जाण्याचे यंत्र प्रथम कोणी केले यावर मजकूर आला आणि श्रेय डेव्हनमधल्याच सायमन्स नावाच्या दुसऱ्या माणसाला गेले. लेथब्रिज तेव्हा पंच्याहत्तरीला टेकला होता. त्याने संपादकांना सविस्तर पत्र लिहिले. बागेतला चर, पिंपाची मापे, काचेची जाडी, वजनाचा हिशेब, किती वाव, किती मिनिटे, सारे तपशील त्याने मांडले. त्याच्या यंत्राविषयी आज आपण जे खात्रीने जाणतो, ते बहुतांशी या एका पत्रामुळे. श्रेय हिरावले गेले नसते, तर ही मापे बहुधा त्याच्याबरोबरच गेली असती. डिसेंबर 1759 मध्ये वुलबरोच्या चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले.

त्याच्या घराण्यात चांदीचा एक पेला होता आणि त्यावर पोर्तो सांतोच्या किनाऱ्याचा नकाशा कोरलेला होता. बेल्जियन पाणबुडे रॉबेर स्तेनुई यांनी त्या चित्राच्या आधारे बेटावरची खाडी हुडकली आणि 1974 साली ते ‘स्लॉट टेर होख’च्या अवशेषांवर उतरले. लेथब्रिजच्या हातून सुटलेल्या चांदीच्या काही विटा तिथे अजून पडून होत्या.

त्याच्या डेव्हनच्या किनाऱ्यावर हा मोह अजून ओसरलेला नाही. 1995 साली सॅल्कमजवळ पाणबुड्यांना मोरोक्कोची चारशेहून अधिक सोन्याची नाणी मिळाली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जानेवारी 2007 मध्ये ‘नापोली’ जहाजावरचे कंटेनर ब्रॅन्सकमच्या वाळूत लागले, तेव्हा लोक कोऱ्या मोटारसायकली ढकलत घरी नेताना साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. कायदा सांगतो की, ब्रिटनच्या किनाऱ्यावर वा पाण्यात सापडलेली बुडित जहाजावरची वस्तू, मग ती नाणे असो वा फळकूट, 28 दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते. मूळ मालक शोधला जातो आणि प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला मोबदला मिळू शकतो. संरक्षित जहाजांवर परवान्याशिवाय बुडी मारणे 1973 पासून गुन्हा आहे. लेथब्रिजच्या पिंपाची प्रतिकृती पाहायची असेल, तर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील शेरबूरच्या सागरी संग्रहालयात जावे.