डाव्या हाताचा नेमबाज

नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ धातूची असावी की पॉलिमरची, हा काही वार्षिक अंकात मांडण्यासारखा प्रश्न नव्हे, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले असते. पण या प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात माझी झोप उडवली आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका परदेशी माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले. ते चरित्र मला आपल्याला सांगायचे आहे. पण आधी थोडे माझ्याविषयी.

मी डावखुरी आहे. डाव्या हाताने जेवते म्हणून लहानपणी आजीचा मार खाल्लेला आहे. राही सरनोबतने 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक आणले, तेव्हा मी शाळेत होते. आपल्या कोल्हापूरची मुलगी हे करते, तर आपण निदान पिस्तूल हातात तरी धरून पाहावे, असे तेव्हापासून मनात होते. कॉलेजात आल्यावर 10 मीटर एअर पिस्तूलचा सराव सुरू केला. सरावाला मिळालेले पिस्तूल उजव्या हाताचे होते. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. या पिस्तुलाची मूठ हाताच्या घडणीप्रमाणे कोरलेली असते. अंगठ्याला वेगळी खोबण, बोटांना वेगळी जागा, आणि तळहाताला खालून टेकायला एक सरकती पट्टी. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरणे म्हणजे उजव्या पायातला जोडा डाव्या पायात घालणे.

माझे मामा उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहेत. त्यांनी माझी अडचण ऐकली आणि पंधरा दिवसांत ॲल्युमिनियमची डाव्या हाताची मूठ ओतून, घासून, चकचकीत करून माझ्या हातात ठेवली. केवढा आनंद झाला! पण सरावाला उभी राहिले आणि दहाव्या-बाराव्या गोळीपासून ती घामाने निसटू लागली. वजन सगळे मनगटापाशी आले आणि नळीचे टोक हलके होऊन भरकटू लागले. रेंजवरच्या मैत्रिणी म्हणाल्या की पॉलिमरची घे. ती हलकी, खरखरीत, आणि पावसाळ्यात लाकडासारखी फुगत नाही. पण ती डाव्या हाताची हवी तर मागवावी लागते, आणि तिला पैसे पडतात. शिवाय मामांना काय सांगायचे? जवळजवळ ठरवलेच होते की उजव्या हाताने शिकावे, नाही तर सोडून द्यावे.

त्याच दिवसांत कारोय ताकाचची हकिकत माझ्या वाचनात आली. इंग्रजी उच्चाराने त्याचे नाव आपल्याकडे कॅरोली टकाक्स असेही लिहितात. त्याचा जन्म 21 जानेवारी 1910 रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. तरुणपणी तो सैन्यात गेला आणि तिथे पिस्तूलचा उत्तम नेमबाज म्हणून नाव कमावले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक होते. ताकाचची योग्यता जगातल्या पहिल्या रांगेत बसण्याची होती. पण तो होता सार्जंट, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराच्या दर्जाचा, आणि हंगेरीच्या संघात केवळ वरच्या अधिकाऱ्यांनाच जागा होती. नेम अचूक होता, पण खांद्यावरची फीत कमी पडली.

बर्लिननंतर तो नियम उठला. ताकाचने 1940 च्या ऑलिंपिककडे डोळे लावले. आणि 1938 साली लष्करी सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने तो इतकी वर्षे पिस्तूल धरत होता, तोच हात निकामी झाला. वय अठ्ठावीस.

पुढचे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले होते. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने पिस्तूल डाव्या हातात घेतले. कोणाला सांगितले नाही, कोणाला दाखवले नाही. मित्रहो, हे वाटते तितके सरळ नाही. नुसता हात बदलून भागत नाही. उभे राहण्याची पद्धत उलटी होते, खांदा आणि मनगट नव्याने तयार करावे लागते, चाप ओढणाऱ्या बोटाला पहिल्यापासून शिकवावे लागते. वर्षानुवर्षांची सवय पुसून पाटी कोरी करायची. तीही एकट्याने.

1939 च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा भरली. ताकाच तिथे दिसला तेव्हा जुने सोबती त्याचे सांत्वन करायला पुढे आले. बिचारा स्पर्धा पाहायला आला आहे, अशी त्यांची समजूत झाली, असे सांगतात. तो उतरला आणि जिंकला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी झालेल्या हंगेरीच्या संघातही तो होता.

पण दैवाची परीक्षा संपली नव्हती. महायुद्ध पेटले. 1940 चे ऑलिंपिक रद्द झाले, 1944 चेही झाले. अखेर 1948 साली लंडनला ऑलिंपिक भरले, तेव्हा ताकाच अडतीस वर्षांचा होता. त्याचा प्रकार होता रॅपिड फायर पिस्तूल. यात 25 मीटरवर पाच लक्ष्ये शेजारी शेजारी उभी असतात. हात खाली ठेवून थांबायचे, लक्ष्य समोर येताच हात उचलून पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत पाच गोळ्या! तिथे मूठ सावरून धरायला सवड नाही. पहिल्या क्षणी ती तळहातात जशी बसली तशीच ती शेवटपर्यंत राहणार.

अर्जेंटिनाचा जगज्जेता कार्लोस दियाझ साएन्झ व्हालिएन्ते तिथे होता. त्याने ताकाचला आश्चर्याने विचारले की आपण इथे कसे, आणि ताकाचने नम्रपणे सांगितले की शिकायला आलो आहे, अशी आठवण प्रसिद्ध आहे. त्या शिकायला आलेल्या माणसाने 600 पैकी 580 गुण मिळवून जागतिक विक्रम केला. व्हालिएन्ते 571 गुणांवर दुसरा राहिला. बक्षीस समारंभात त्याने ताकाचला हसून कबुली दिली म्हणतात की, तुमचे शिक्षण आता पुरे झाले आहे.

चार वर्षांनी हेलसिंकीला ताकाचने 579 गुणांनी पुन्हा सुवर्णपदक घेतले. त्याच्या मागे अवघ्या एका गुणाने त्याचाच देशबांधव सिलार्ड कुन होता. या प्रकारात लागोपाठ दोन सुवर्णपदके त्याच्यापूर्वी कोणी मिळवली नव्हती. 1956 साली मेलबर्नला तो आठवा आला. पुढे तो प्रशिक्षक झाला. 5 जानेवारी 1976 रोजी बुडापेस्टला त्याचे निधन झाले.

लंडन 1948 आणि हेलसिंकी 1952. ही दोन नावे वाचून आपल्याला कोणाची आठवण झाली? होय, खाशाबा जाधवांची. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी लंडनला सहावा आला, आणि हेलसिंकीला त्याने कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दौऱ्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. बुडापेस्टचा सैनिक आणि कोल्हापूरचा मल्ल, दोघे एकाच दोन गावांना गेले. एकाला खांद्यावरच्या फितीने अडवले, दुसऱ्याला पैशाने. एकमेकांची ओळखही नसेल. पण मला ते दोघे एकाच तालमीतले वाटतात.

ताकाचची हकिकत वाचून झाल्यावर मी पुन्हा ॲल्युमिनियमची मूठ हातात घेतली, आणि इतके दिवस न दिसलेली गोष्ट दिसली. मामांनी ती रेंजवरच्या मुठीवरून उलटी करून घडवली होती. म्हणजे ती डाव्या हाताची होती खरी, पण माझ्या हाताची नव्हती. मी धातू की पॉलिमर करीत बसले होते, आणि हाताचा विचार केलाच नव्हता.

धीर करून मामांना सांगितले. ते रागावतील ही माझी भीती व्यर्थ ठरली. ते म्हणाले, पॅटर्न चुकला की ओतकाम कोणत्याही धातूचे करा, ते चुकलेलेच. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली. मग त्यांनी ओल्या मातीत माझा हात दाबून घेतला, त्यावरून लाकडी नमुना केला, आणि तीन आठवडे आम्ही तो घासत होतो. अंगठ्यापाशी एक कानस, करंगळीपाशी दोन. एके दिवशी डोळे मिटून पिस्तूल उचलले, डोळे उघडले, तर दोन्ही साइट्स एका रेषेत!

पुढे उसाचे बिल आल्यावर वडिलांनी पैसे दिले आणि मी पॉलिमरचीच मूठ मागवली. मनगट बारीक असल्याने मला ती हलकी सोसते, आणि उरलेले वजन नळीच्या पुढच्या टोकाला लावता येते. लाकडी नमुन्याबरहुकूम मामांनी तिला पुट्टी भरून, घासून आकार दिला. ज्याचा हात भारदस्त आहे त्याने धातूची जरूर घ्यावी. माझे म्हणणे इतकेच की, आधी आपला हात ओळखावा. ताकाचने उरलेला हात ओळखला होता.

जिल्हा स्पर्धेत मी चौदावी आले. डाव्या हाताने. ॲल्युमिनियमची ती मूठ माझ्या अभ्यासाच्या टेबलावर असते. कागद उडू नयेत म्हणून तिच्याइतके चांगले वजन दुसरे नाही.

— द्वितीय वर्ष, कला